पालखीवरची लव

ह्यांनी लाकडी मोराच्या मानेवरून डाव्या हाताची करंगळी फिरवली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "साफ आसा. तेल लाव."

मी उंडीच्या तेलाची वाटी हातात धरून तशीच उभी राहिले. मोराच्या मानेवर लव होती. उजेडाच्या बाजूने बघितलं की सरळ दिसत होती, नुकतं मिसरूड फुटलेल्या मुलाच्या ओठावर असते तशी. मी आधी बोटही फिरवून बघितलं होतं आणि बोटाला ती लागली होती.

"मानेकडे जरा परत बघतास?" मी म्हटलं.

"बघलंय मा. साफ आसा."

"माका लागता थय."

तेव्हा ह्यांनी मान वर केली आणि हसले. "तुझा बोट अजून चुलीकडचा आसा," म्हणाले. "माझा बोट माझ्या बापान घडवल्यान."

लग्नाला अजून दुसरा पाऊस लागला नव्हता. सासरच्या माणसांचं ऐकायचं, एवढंच शिकून आले होते आणि तेही मला नीट जमत नव्हतं.

ह्यांचं नाव दत्ताराम. त्या काळी बायका नवऱ्याचं नाव उखाण्याबाहेर घेत नसत. आता माझं वय झालं, मला कोण विचारतंय? तरी जिभेला सवय नाही, म्हणून पुढे 'हे'च म्हणते. मेस्त्र्यांचं घर, सावंतवाडीच्या अलीकडचं. देव्हारे, झोपाळ्याच्या कड्या, देवळांचे खांब आणि पालख्या, अशी नक्षीची कामं ह्यांच्याकडे लांबलांबून यायची. पटाशीने कोरायचं पुरुषांनी आणि लव काढायची बायकांनी, अशी त्या घरातली वाटणी होती. सासरे गेल्यापासून कोरायला हे एकटेच होते आणि सासूबाईंची, म्हणजे आयेची, नजर अधू झाल्यापासून लव काढायला मी एकटी.

ज्याने कधी लाकूड कोरलं नाही त्याला लव म्हणजे काय ते सांगावं लागेल. फणसाचं लाकूड चिवट. पटाशी कितीही धारेची असली तरी काही तंतू कापले जात नाहीत, नुसते वाकतात आणि मागून हळूच उभे राहतात. ती लव. ती काढायला आधी ओलं फडकं फिरवायचं, म्हणजे दडून बसलेली कुसंसुद्धा उभी राहतात. मग सावलीत वाळवायचं आणि खरवताच्या पानाने घासायचं. खरवताचं पान मांजराच्या जिभेसारखं खरखरीत असतं. खोल कोपऱ्यांसाठी तेच पान बांबूच्या काडीला गुंडाळायचं. सगळी लव गेल्याशिवाय तेल लावायचं नाही, कारण तेल प्यायलेली लव तिथेच घट्ट होऊन बसते आणि मग ती काढता काढता नाकी नऊ येतात.

लव गेली की नाही हे ठरवायची मात्र कारागिराची करंगळी. बाकीच्या बोटांना हत्यार धरून धरून घट्टे पडतात, करंगळी तेवढी मऊ राहते. डाव्या हाताची तर जास्तच. कारागिराने ती फिरवून 'साफ' म्हटलं की काम साफ. मग डोळ्यांना काहीही दिसो. आजेसासऱ्यांपासूनचा हा नियम होता आणि तो चुकल्याचं घरात कोणाला आठवत नव्हतं.

तरी आदल्या महिन्यात कणकवलीचा एक देव्हारा परत आला होता. यजमानीणबाई देव पुसायला गेल्या आणि त्यांच्या बोटात कूस गेलं. आयेने सगळा दोष माझ्या पदरात घातला. ह्यांची करंगळी फिरली होती म्हणजे ह्यांची चूक असणं शक्यच नव्हतं. नंतर मीच पानाने फार घासून तंतू उभे केले असणार, असं तिचं म्हणणं. "एकदा झाला," ती म्हणाली होती. "पालखी जर परत इली तर तू आपल्या माहेराक जा. माझ्या घोवान कमावलेला नाव मी तुझ्यापायी घालवूचंय नाय."

आता ही पालखीच समोर होती. नदीपलीकडच्या गावच्या रवळनाथाची. दांड्याच्या दोन्ही टोकांना मोर, कडेने आंब्याची पानं, मागच्या फळीवर मोठं कमळ. जत्रेच्या आदल्या दिवशी ती देवळात पोचती करायची आणि तिथे मानकऱ्याने तिच्यावरून कापसाचा बोळा फिरवायचा, अशी त्या गावची रीत. पालखीवर देवाचा रेशमी शेला पांघरतात. तो लाकडाला अडकला तर अपशकुन. म्हणून आधी कापूस. कापूस अडकला तर पालखी परत.

त्या दुपारी हे जेवायला उठल्यावर मी मोराची मान पुन्हा ओली केली, वाळवली, घासली आणि मगच तेल लावलं.

दोन्ही मोर मी असे सांभाळले. पण सगळी पालखी मला एकटीला चोरून कुठून पुरणार? शिवाय माझा स्वतःवर तरी कुठे विश्वास होता? मी दिसेल त्यावर बोट फिरवून बघायला लागले. दोडक्यावर, गवारीच्या शेंगेवर, मांजराच्या कानावर. आयेने एकदा विचारलंसुद्धा, "गो, भाजी चिरतलंस काय तिका गोंजारत बसतलंस?" बोटाला सगळं नीट कळत होतं. फक्त ह्यांनी 'साफ' म्हटलेल्या लाकडावर ते वेगळं सांगत होतं. मग वाटायचं, आपल्याच मनात काहीतरी पाप आहे, म्हणून आपल्याला खोट दिसते.

मग एक दिवस नदीपलीकडचे मानकरी, तातू गावकर, बाजाराला आले होते ते वाट वाकडी करून घरी आले. पालखी कुठवर आली ते बघायला. चहा झाला. उठता उठता त्यांनी वातींच्या कापसातला एक बोळा आयेकडून मागून घेतला आणि सहज दांड्याच्या कडेवरून फिरवला.

कापूस आंब्याच्या पानांवर अडकला. एकदा नाही, जवळजवळ प्रत्येक पानावर. पांढरे धागे तेलकट लाकडाला लोंबत राहिले.

हे आपल्या करंगळीकडे बघत होते. पुढे होऊन त्यांनी तीच पानं पुन्हा चाचपली आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा गोंधळ होता की मला भीतीच वाटली.

"सुनेचो हात अजून बसाक नाय," आये म्हणाली.

"हात सुनेचो असो नायतर झिलाचो," तातू गावकर म्हणाले, "देवाचो शेलो अडाकता कामा नये. मी काय आज बोलणंय नाय. पण देवळात अडाकलो तर माका बोल लावू नकात."

ते गेले आणि आयेने मला ऐकवायला सुरुवात केली. माझी आई, तिचं वळण, माझा आंधळेपणा, सगळं निघालं. हे पडवीच्या पायरीवर बसून होते. तेव्हा ह्यांनी एक शब्द बोलायला हवा होता. ती पानं साफ आहेत असं मी म्हटलं होतं, तिने नाही, एवढंच. बोलले नाहीत. त्याचा मला फार राग आला आणि तो मी मनात धरून ठेवला.

त्यानंतर ह्यांचं वागणं बदललं. झालेल्या कामावर पुन्हा पुन्हा कोरणी मारायला लागले. करंगळी फिरवायची, थांबायचं, परत कोरायचं. कोरलं की नवी लव. मी खरवताचं पान घेऊन मागे, हे कोरणी घेऊन पुढे. आंब्याची पानं बारीक होत चालली. मला रात्री झोप लागेना. आईला काय तोंड दाखवायचं, याची मी वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती.

शेवटी हे म्हणाले, "कमळ जाळून काढूया."

लव जाळणं ही आमच्याकडची शेवटची युक्ती. स्पिरिटच्या दिव्याची बारीक ज्योत लाकडावरून झरकन फिरवायची, लव जळून जाते, लाकडाला कळतही नाही. पण हात जरा रेंगाळला की लाकूड काळवंडतं. म्हणून सासरे ते क्वचित करायचे. कमळाच्या पाकळ्या खोल होत्या, तिथे पान पोचत नव्हतं.

दुपारची वेळ. आये शेजारी गेली होती. ह्यांनी कमळाची फळी डाव्या हाताने खालून धरली आणि उजव्या हाताने दिवा फिरवायला लागले. मी ओलं फडकं घेऊन बाजूला उभी. ज्योत पुढे गेली की मागून मी पुसायचं. काम बरं चाललं होतं. कितीतरी दिवसांनी हे मोकळेपणी बोलत होते. पालखी गेली की तुला तुझ्या आईकडे चार दिवस पोचवतो, म्हणत होते.

मग थांबून त्यांनी नाक वर केलं. "वास कसलो येता गो? केस जळल्यासारखो?"

मलाही आला होता.

"लाकूड बरा वाळाक नाय," हे म्हणाले आणि ज्योत होती तिथेच धरून फळीच्या कडेकडे वाकून बघायला लागले.

फळीच्या कडेवरून त्यांची करंगळी वर आली होती. ज्योत तिच्यावर होती. तिच्या टोकाची कातडी पांढरी होऊन फुगत होती आणि हे तिच्या शेजारच्या पाकळीकडे बघत होते.

मी फडकं टाकलं आणि त्यांचा हात ओढला. दिवा पडला, विझला.

"कसला करतंस?" हे चिडून म्हणाले.

मी त्यांचा हात त्यांच्याच डोळ्यांसमोर धरला. त्यांनी तो बघितला. मग दुसऱ्या हाताच्या नखाने त्या बोटाला टोचून बघितलं. जरा वर टोचलं. शेजारच्या बोटाला टोचलं.

"ह्या कवा लागला?"

"आता. तुमच्या समोर."

"दुखना नाय," हे म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता.

मी त्यांना पायरीवर बसवलं, बोटावर पाणी घातलं. "कवापासून कळना नाय तुमका?" मी विचारलं.

"म्हायत नाय. गेल्या पावसात बधिर वाटा होता. माका वाटला, थंडी."

"मगे साफ आसा, साफ आसा म्हणान कसा सांगी होतास?"

"बोटाक लागणा नाय म्हणजे साफच मा?" हे म्हणाले. "बाबान तसाच शिकवल्यान. लागला तर लव, नाय लागला तर साफ."

मला रडू आलं. त्या देव्हाऱ्यापासून आजपर्यंत मी मनात धरलेला राग कुठे ठेवावा ते कळेना. हा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच सगळं जग गुळगुळीत लागत होतं.

आणि मग मला बाकीचं आठवायला लागलं. उकळत्या चहाचा पेला हे डाव्या हातात धरून खुशाल बसायचे, मला त्याचं कौतुक वाटायचं. कोपराखाली एक फिकट चट्टा होता. शिबं असेल म्हणून मी त्याला खोबरेल चोळलं होतं. सोमवारी शाळेत शिरसाट नावाचा सरकारी माणूस सायकलवरून यायचा. अंगावर चट्टे आहेत का, हातापायाला बधिरपणा आहे का, असं मुलांना विचारायचा. तो आला की लोक दारं लावून घ्यायचे. तो कुठल्या रोगाचा माणूस आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

"सोमवारी शाळेत जावया," मी म्हटलं.

ह्यांना कळलं. नाही म्हणाले नाहीत.

शाळा सुटल्यावर एका वर्गात शिरसाटांनी ह्यांना बाकावर बसवलं. आधी भाजलेल्या बोटाला मलम लावून पट्टी बांधली. मग डब्यातून कापूस काढून त्याची बारीक वात केली. कापूस बघून ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे.

"डोळे मिटा," शिरसाट म्हणाले. "मी जिथे कापूस लावीन तिथे दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं. घाई नाही."

ह्यांनी डोळे मिटले. कापूस अंगठ्याला लागला, ह्यांनी बरोबर अंगठा दाखवला. तळहाताच्या मधोमध लागला, तिथेही बोट बरोबर गेलं. माझ्या जिवात जीव आला. मग शिरसाटांनी कापूस करंगळीच्या मुळाशी टेकवला. शेजारच्या बोटावरून नेला. तळहाताच्या कडेवरून मनगटापर्यंत आणला, मग कोपराखालच्या चट्ट्यावर फिरवला. हे डोळे मिटून, शाळेतल्या शहाण्या मुलासारखे, दुसऱ्या हाताचं बोट तयार ठेवून बसले होते.

थोड्या वेळाने म्हणाले, "लावा मा."

मी खिडकीकडे तोंड केलं.

मग शिरसाटांनी कोपराच्या आतल्या बाजूची शीर चाचपली, ती दोरीसारखी जाड झाली होती, आणि हलक्या आवाजात रोगाचं नाव सांगितलं. कुष्ठरोग. गोळ्या आहेत, म्हणाले. न चुकता घेतल्या तर रोग पूर्ण जातो. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागायची भीती राहत नाही.

ह्यांनी एकच विचारलं. "बोट परत येतला?"

"रोग जाईल," शिरसाट म्हणाले. "बोटाचं मी खोटं सांगणार नाही. बहुतेक नाही येत."

"मगे माझा काम?"

"काम करा की. फक्त आग आणि धार यांपासून जपा. बोट सांगणार नाही, म्हणून डोळ्यांनी बघत काम करायचं."

घरी येताना हे म्हणाले, "आयेक सांगू नको." मी म्हटलं, नाही सांगत. "पालखी जांव दे, मगे बघूया." मी त्यालाही हो म्हटलं. आमच्या बाजारातला एक शिंपी मला माहीत होता. त्याला हा रोग झाल्यावर घरच्यांनी ओढ्यापलीकडे खोपटं बांधून दिलं होतं. जेवण दगडावर ठेवून यायचे. त्याने शिवलेले कपडे लोकांनी जाळले. मग देवाच्या पालखीचं काय करतील? ह्यांचं काय करतील? मला तर तेव्हा माहेरची भीतीसुद्धा लहान वाटायला लागली.

तिथून पुढे आमचं काम उलटं झालं. आये शेजारी गेली की मी पालखीजवळ बसायचे आणि बोट फिरवून सांगायचे.

"हय?"

"जरा वर. हां, थय."

हे डोळे बारीक करून कोरणीचं टोक तिथे नेत, एक तंतू कापत आणि फळी माझ्यापुढे धरत. "साफ?" विचारत.

मी म्हणायचे, "साफ."

त्या घरात कारागिराने बाईला हे विचारलेलं कोणी ऐकलं नव्हतं. मला अभिमान वाटायचा आणि त्याच वेळी वाईटही वाटायचं. आये समोर असली की मात्र हे पट्टी बांधलेल्या करंगळीशेजारचं बोट लाकडावरून फिरवून ऐटीत म्हणत, "साफ आसा. तेल लाव." बोट भाजलं म्हणून शेजारचं, असं तिला सांगितलं होतं. तेही तितकंच मुकं होतं.

पोचती करायच्या दिवशी बैलगाडीतून पालखी नदीपलीकडे नेली. देवळाच्या मंडपात गाव जमलं होतं. आये पुढे, मी बायकांत मागे. रीत अशी की आधी कारागिराने बोट फिरवून सगळ्यांसमोर 'साफ' म्हणायचं आणि मगच मानकऱ्याने कापूस घ्यायचा. ह्यांनी मोरापासून कमळापर्यंत बोट फिरवलं. फिरवताना माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"साफ आसा," हे म्हणाले.

तातू गावकरांनी कापसाचा बोळा घेतला. तो दांड्यावरून गेला, मोरांच्या माना आणि पिसारे ओलांडून गेला. आंब्याच्या पानांवर तर त्यांनी तो मुद्दाम सावकाश फिरवला. कुठेही अडकला नाही. लोक आपापसांत बोलायला लागले. आता फक्त कमळ उरलं होतं.

एका पाकळीच्या आत कापूस अडकला. तातूंनी ओढला तसा त्याचा एक लांब धागा पाकळीला लागून राहिला.

ती पाकळी आदल्या संध्याकाळी साफ होती. मी स्वतः बघितली होती. मग मला आठवलं. सकाळी गाडी जुंपत असताना ह्यांनी जाता जाता त्या कमळावर कोरणीचा एक हात मारला होता. जन्माची सवय. आणि 'साफ?' म्हणून मला विचारायचं त्यांच्याकडून राहून गेलं होतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांनाही तेच आठवलेलं दिसत होतं.

"म्हटला होता मी," आये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "झिलाच्या हाताक तोड नाय, पण ह्या पोरीच्या हाताक वळण नाय. सांगून सांगून दमलंय. उद्याच्या उद्या तिका माहेराक धाडतंय. तातू, तुमी आमका आजची रात दिया, दुसरी बाय लावन साफ करून घेतंय."

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगते, मला तेव्हा सुटल्यासारखं झालं. लव राहिली म्हणून कोणाला ओढ्यापलीकडे घालवत नाहीत. बाईचा हात वाईट, एवढ्यावर गोष्ट मिटत असेल तर मिटू दे. माहेर तर माहेर. मी पदर सावरून पुढे झाले. "माझ्या हातसून..." एवढं म्हटलं.

"तिचा काय चुकाक नाय," हे म्हणाले.

आये म्हणाली, "तू गप रव, दत्तू."

"ती पाकळी सकाळी मी कापलंय. आणि पयली पानां अडाकली तीवय मीच साफ म्हटलंय. तिका दिसा होती. ती सांगी होती. मी आयकाक नाय." त्यांनी पट्टी बांधलेला डावा हात वर केला. "माझ्या ह्या बोटांक काय कळना नाय. माका महारोग आसा."

पालखीला हात लावून उभे होते त्यांनी हात काढून घेतले. पुढचे लोक मागे सरले तसे मागचेही सरले आणि पालखीपाशी हे एकटे उरले. आये जिथे होती तिथेच खाली बसली.

तातू गावकर सरले नाहीत. कापूस त्यांच्या हातात होता. "कोणी सांगला?" त्यांनी विचारलं.

"सरकारी माणसान. गोळयो चालू आसत."

"आदी कित्या नाय सांगलंस?"

"भियालंय."

"मगे आता कित्या सांगतंस?"

ह्यांनी माझ्याकडे हात केला. "ती बोलणी खाता म्हणान."

तातूंनी कापूस खाली ठेवला. "पालखी हयच ऱ्हांव दे," म्हणाले. "देवाक कौल लावतंव. देव सांगात ता करूया. तुमी घराक जावा."

कौल दुसऱ्या दिवशी सकाळीच झाला. देवाने पालखी ठेवून घेतली आणि ती पाकळी साफ करायला निरोप आला तो माझ्या नावाने. पण गावांनी आमच्याकडे काम द्यायला मात्र वर्षं घेतली, आणि त्या वर्षांत आम्ही काय काय खाऊन दिवस काढले ते सांगत बसत नाही. रोग गेला, ती दोन बोटं आली नाहीत. हे सगळं पुढचं. देवळातून निघताना आम्हाला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

बैलगाडीवाला आम्हाला न घेताच निघून गेला होता. नदीवरच्या लाकडी साकवावरून आणि मग बांधावरून चालत निघालो. आये खूप पुढे चालली होती, मागे वळूनही बघत नव्हती. हे तिच्या मागून. मी रिवाजाप्रमाणे ह्यांच्या मागून. वाटेवर दुसरं कोणी नव्हतं, सगळं गाव मागे मंडपात राहिलं होतं. ह्यांची पाठ मला दिसत होती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी कोणी चारचौघांत उभं राहिलं होतं, आणि त्यापायी त्याला आता कोणी दारात उभं करणार नव्हतं. मी पाय उचलून ह्यांच्या डाव्या बाजूला गेले आणि त्यांची पट्टी बांधलेली करंगळी आणि शेजारचं बोट, अशी दोन बोटं हलकेच हातात धरली. नवऱ्याचा हात असा रस्त्यात धरणं तेव्हा कोणी ऐकलंही नसेल.

हे चालत राहिले. समोर बघत, तसेच. मला वाटलं, रागावले. मी हात सोडला नाही. बरंच अंतर आम्ही असेच गेलो.

मग माझ्या लक्षात आलं.

"मी हात धरलंय तुमचो," मी म्हटलं.

हे थांबले. खाली बघितलं, माझ्या मुठीकडे, मग माझ्याकडे.

"कवापासून?"

"साकवापासून."

माझी मूठ त्यांनी सोडवली, मागून वळसा घालून माझ्या दुसऱ्या बाजूला आले आणि उजवा हात पुढे केला.